बाबांच्या फंडाचे पैसे धंद्यात घालण्याआधी विजय बारसे सरांची गोष्ट वाचा



रविवारच्या व्हिडिओत मी नागपूरच्या विजय बारसे सरांचं नाव घेतलं आणि बारा मिनिटांत विषय गुंडाळला. मलाच ते पटलं नाही. व्हिडिओला वेळेचं बंधन असतं, इथं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

हा विषय निघाला कसा, ते आधी सांगतो.

मागच्या बॅचमध्ये अक्कलकोट रोडकडचा एक पोरगा होता. वय 24. वडील सरकारी खात्यात मेकॅनिक. शाळेत घालताना मास्तरांनी 1 जून जन्मतारीख लावलेली, त्यामुळे 31 मे ला निवृत्ती. आपल्याकडे निम्म्या वडीलमंडळींची तीच तारीख असते. दुपारच्या सुट्टीत सगळे डबा खात होते तेव्हा हा मोबाईल घेऊन माझ्याकडे आला.

"सर, बाबांचे 14 लाख येणारेत. बॉक्स क्रिकेटचं टर्फ टाकायचंय. बघा की वो एकदा हिशेब."

हिशेब पाहिला. तासाला 800 रुपये, दिवसाला 8 तास, महिन्याला 30 दिवस. म्हणजे महिना 1,92,000. कागदावर अगदी बरोबर. पण त्या कागदावर पाऊस पडत नव्हता, बारावीची परीक्षा येत नव्हती, आणि सोलापूरच्या एप्रिलमधली दुपारी तीनची वेळ तर नव्हतीच नव्हती. मी एकच विचारलं, "मंगळवारी दुपारी तीन वाजता तुझ्या ओळखीची किती पोरं खेळायला येतील? नावं सांग."

त्यानं चार नावं सांगितली. पाचवं आठवायला वेळ लागला.

मी त्याला हसलो नाही. हसायचा अधिकारच नाही मला. मी बीबीए झालो तेव्हा माझ्याकडेही असाच एक कागद होता, फक्त तो पॉवरपॉइंटमध्ये होता. वडील शाळेत शिक्षक. निवृत्त झाले, आणि त्यांच्या पैशातले 6 लाख मी दुकानात घातले. 2 लाख डिपॉझिट, दीड लाखाचं फर्निचर, अडीच लाखाचा माल. ट्रॅकपँट, टी-शर्ट, बॅटी, बॉल, सगळं चकाचक. गल्ली चुकली होती. चौदा महिन्यांनी शटर ओढलं तेव्हा डिपॉझिट आणि पडेल भावात विकलेला माल धरून सव्वादोन लाख हातात आले. बाकी पावणेचार लाख गेले.

वडील एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त घरी येणारा पेपर बंद केला आणि रोज सकाळी वाचनालयात जाऊन वाचायला लागले. व्यायाम होतो म्हणायचे. आज दुकान बरं चालतंय, घरी पेपर पुन्हा येतो. पण ते वाचनालय रस्त्यात लागलं की अजून मी गाडी दुसऱ्या गल्लीतून घेतो.

तर त्या पोराला मी विचारलं, 'झुंड' बघितलास का?

बघितला होता. आपल्याकडे कोण नाही बघितला? नागराज मंजुळे आपल्या करमाळ्याच्या जेऊरचे. 'फँड्री', 'सैराट' आणि मग 4 मार्च 2022 ला आलेला त्यांचा हा हिंदी सिनेमा. त्यात अमिताभ बच्चन यांनी केलेले विजय बोराडे सर ज्यांच्यावरून घेतलेत, ते विजय बारसे. पोराला बच्चन आठवत होते, गाणी आठवत होती. बारसे सरांनी पैसा कधी आणि कशात घातला, हे सिनेमा बघून कोणाच्याच डोक्यात राहत नाही. आणि धंदेवाल्यानं नेमकं तेच बघायला पाहिजे.

पावसातली बादली

बारसे सर नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिक्षक होते. 2001 सालची गोष्ट ते मुलाखतींत सांगतात. पाऊस पडत होता, सर आडोशाला थांबले होते, आणि समोर झोपडपट्टीतली पोरं एका फुटक्या बादलीला लाथा मारत खेळत होती. त्यांच्या लेखी तो फुटबॉल होता. सरांनी त्यांना खरा चेंडू आणून दिला. पोरं खेळत राहिली. सरांच्या लक्षात आलं की जितका वेळ ही पोरं मैदानात आहेत, तितका वेळ ती बाकीच्या भानगडींपासून लांब आहेत.

इथं थोडं थांबा. बाजारपेठेचा अभ्यास, मार्केट सर्व्हे म्हणून आपण जे शिकवतो ना, ते हेच. त्या पोरांना फुटबॉल हवाय का, हे सरांना विचारावं लागलं नाही. चेंडू नसतानाही ती खेळत होती. मागणी होती, माल नव्हता. मी माझ्या पहिल्या दुकानात बरोबर उलटं केलं. माल होता, फर्निचर होतं, एसी घ्यायचा विचार होता. बादलीला लाथ मारणारा कोण आहे आणि तो कुठल्या गल्लीत राहतो, हे बघायला मी गेलोच नाही.

आणि खर्च किती झाला? एका चेंडूचा. माझ्या दुकानात पाच नंबरचा साधा रबरी फुटबॉल आज पाचशेच्या आत-बाहेर मिळतो. सरांनी तेव्हा किती दिले असतील ते असतील. पण ज्या माणसाच्या आयुष्यावर पुढं बच्चनचा सिनेमा निघाला, त्याची पहिली गुंतवणूक आपल्या खिशातल्या सुट्ट्या पैशांएवढी होती.

मग सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांसाठी स्पर्धा घ्यायची ठरवली. पहिल्याच स्पर्धेला 128 संघ आले.

हा आकडा वाचून लोक "वा!" म्हणतात आणि पुढं जातात. तुम्ही जाऊ नका. तुम्ही उद्या धंदा करणार आहात, तुम्ही कागद-पेन घ्या. 128 संघ बाद पद्धतीनं खेळवायचे म्हटले तर 127 सामने होतात. एका सामन्यात एक संघ बाहेर, म्हणजे शेवटी एक उरेपर्यंत 127 वेळा शिट्टी वाजली पाहिजे. प्रत्येक सामन्याला पंच पाहिजे, गोल लिहिणारा पाहिजे. फक्की मारायची, पाणी ठेवायचं, हरलेल्यांची भांडणं सोडवायची. "आमचा सामना किती वाजता?" हे शंभर वेळा विचारणाऱ्यांना शंभर वेळा न चिडता उत्तर द्यायचं. मी आमच्या भागात आठ संघांची स्पर्धा एकदा भरवली होती. आठच! सात सामने. तिसऱ्या सामन्याला माझा आवाज बसला आणि पाचव्याला पंच जेवायला गेला तो आलाच नाही.

सिनेमात हे सगळं एका गाण्यात होऊन जातं. प्रत्यक्षात वाढ होते ती याच कंटाळवाण्या कामातून.

नाव बदला, म्हणजे पैसे येतील

सरांनी नाव ठेवलं होतं झोपडपट्टी फुटबॉल. या नावाला लोकांनी नाकं मुरडली. बदला म्हणाले. सरांनी बदललं नाही. ही स्पर्धा झोपडपट्टीतल्या पोरांसाठीच आहे, तर नावही तेच राहील, अशी त्यांची भूमिका.

माझ्या बॅचला हा भाग सांगितला की दोन तट पडतात. अर्धे म्हणतात, बरोबर केलं. अर्धे म्हणतात, ब्रँडिंग चुकलं, अशा नावाला कोण स्पॉन्सर येणार? मला विचाराल तर मी सरांच्या बाजूचा. का सांगतो. नाव म्हणजे दारावरची पाटी, आणि पाटीचं काम आत कोणी यायचं हे सांगणं असतं. एखादं चकचकीत इंग्रजी नाव दिलं असतं, तर ज्याच्याकडे बूट नाहीत तो पोरगा मैदानाच्या कडेलाच उभा राहिला असता. 'झोपडपट्टी फुटबॉल' वाचून त्याला कळलं की हे आपलं आहे. पैसेवाल्याला खूश करायला गिऱ्हाईकच हरवलं तर त्या पैशाचं करायचं काय?

नवी पेठेत फिरून बघा. किती पाट्या अशा आहेत की दुकानात काय मिळतं ते आत गेल्याशिवाय कळत नाही. असो, तो वेगळा व्हिडिओ होईल.

पुढं काम शहराबाहेर पसरत गेलं. क्रीडा विकास संस्था, नागपूर या संस्थेमार्फत ते चालतं, आणि बाहेर ते 'स्लम सॉकर' या नावानं ओळखलं जातं. म्हणजे पुढं इंग्रजी नाव आलंच, पण 'स्लम' हा शब्द काढला नाही, हे लक्षात घ्या.

मग या पोरांना एक मोठं दार उघडलं. बेघर आणि वंचित लोकांसाठी 'होमलेस वर्ल्ड कप' नावाची जागतिक फुटबॉल स्पर्धा असते. पहिली 2003 साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात झाली. भारताचा संघ पहिल्यांदा उतरला 2007 मध्ये, डेन्मार्कमधल्या कोपनहेगनला, आणि तो स्लम सॉकरच्या माध्यमातून गेला. या स्पर्धेचे नियम मला फार आवडतात. मैदान साधारण 22 बाय 16 मीटर, एका बाजूला चारच खेळाडू, सात-सात मिनिटांचे दोन डाव. मोठं गवताचं मैदान लागत नाही, अकरा पोरं जमवावी लागत नाहीत. आपल्याकडच्या एखाद्या शाळेच्या अंगणातही मावेल.

आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम, एका खेळाडूला आयुष्यात एकदाच खेळता येतं. कितीही भारी खेळत असेल तरी पुढच्या वर्षी नवीन पोरं. आता विचार करा, तुमच्या दुकानातला सगळ्यात हुशार कामगार दर वर्षी जाणार हे आधीच ठरलंय. तुम्ही काय कराल? दर वर्षी नवा माणूस तयार करायची व्यवस्था लावाल. स्लम सॉकरमध्ये तेच झालं. खेळून झालेली पोरं घरी बसली नाहीत. त्यांच्यातले काही प्रशिक्षक झाले आणि आपल्यासारख्याच वस्त्यांमधल्या धाकट्यांना शिकवू लागले. 2014 साली 'सत्यमेव जयते' या कार्यक्रमात हे काम देशभर दिसलं, तेव्हा पडद्यावर फक्त बारसे सर नव्हते, त्यांच्या हाताखाली घडलेला खेळाडूही होता. माझ्या दुकानात आजही मी दोन दिवस गावाला गेलो की फोन सुरू होतात, "सर, तीस नंबरचा ट्रॅक कुठं ठेवलाय?" दहा वर्षं झाली. सरांपुढं उभं राहायची माझी लायकी नाही, या बाबतीत तर नाहीच.

आता पैशाचं बोलू

ही सगळी वर्षं सरांचं घर कशावर चाललं? पगारावर. हे लोक विसरतात. ते कॉलेजात नोकरीला होते. फुटबॉलनं त्यांना पोसायचं नव्हतं, तेच फुटबॉलला पोसत होते. म्हणून त्यांना दम धरता आला. स्पर्धेतून या महिन्यात किती सुटले, हा प्रश्न त्यांच्या डोक्यावर नव्हता.

आणि मग ते निवृत्त झाले. निवृत्तीचे सुमारे 18 लाख रुपये मिळाले, आणि ते त्यांनी नागपूरच्या बाहेर जमीन घ्यायला घातले. पोरांना खेळायला हक्काची जागा पाहिजे म्हणून.

हे ऐकल्यावर तो अक्कलकोट रोडचा पोरगा एकदम सरसावून बसला. "बघा सर! त्यांनीपण फंडाचे पैसे घातलेच की वो!"

घातले. अगदी बरोबर. पण कधी? बादली 2001 ची. त्यानंतर चेंडू, मग पोरं, मग 128 संघ, मग शहराबाहेरच्या स्पर्धा. हे सगळं दुसऱ्याच्या मैदानावर, नोकरी सांभाळून. जमीन आली ती त्याच्यानंतर. जागा घेतली तेव्हा खेळायला कोण येणार हा प्रश्नच उरला नव्हता. येणारी पोरं आधीच उभी होती, जागा कमी पडत होती. माझी गोष्ट उलटी. मी आधी जागा घेतली आणि मग चौदा महिने दारात गिऱ्हाईकाची वाट बघत उभा राहिलो.

आणखी एक फरक, आणि हा मला जास्त टोचतो. ते 18 लाख सरांचे स्वतःचे होते. स्वतःच्या निवृत्तीचे, स्वतःच्या निर्णयानं घातलेले. तू घालणार आहेस ते बाबांचे. मी घातले तेही बाबांचे. बाबा "घे" म्हणतात, कारण बाप नाही म्हणू शकत नाही. त्याला आपण होकार समजतो.

हे बोलून झाल्यावर तो बराच वेळ गप्प होता. डबे बंद झाले होते, लोक आत जायला लागले होते. मला वाटलं, जरा जास्तच बोललो.

बरं, सरांची गोष्ट इथं संपत नाही. त्यांचा मुलगा अभिजीत अमेरिकेत होता. तिथं असताना त्यानं वडिलांच्या कामाबद्दल बातमी वाचली. घरात चाललेल्या कामाची खरी उंची त्याला सातासमुद्रापलीकडे पेपरातून कळली! तो अमेरिका सोडून नागपूरला आला आणि पुढं संस्थेची व्यवस्था त्यानं हातात घेतली. काम नागपूर सोडून इतर राज्यांतही गेलं. फुटबॉलमधून गणित-इंग्रजी शिकवायचा 'एड्युकिक' नावाचा उपक्रम आला, मुलींचे संघ आले. 2016 मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार स्लम सॉकरला मिळाला. जगातल्या फुटबॉलची सगळ्यात मोठी संघटना, आणि पुरस्कार कुणाला? झोपडपट्टी फुटबॉलला! नाव बदला म्हणणारे तेव्हा काय म्हणाले असतील, मला ऐकायला आवडलं असतं.

मुलगा दुकानात आला की आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहितीच आहे. मुलगा बिलिंगचं सॉफ्टवेअर आणतो, वडील वहीत लिहीत राहतात, आणि दिवाळीत दोघांचा हिशेब जुळत नाही. स्लम सॉकरमध्ये मला दिसतं ते असं की वडिलांनी खेळ आणि पोरं उभी केली, मुलानं संस्था उभी केली. दोन वेगळी कामं आहेत ही. बारसे सरांसारख्या माणसाकडे बादली ओळखायची नजर असते. तीच नजर अर्ज, अहवाल आणि अभ्यासक्रम लिहायला कामाची असेलच असं नाही. कोणत्या दिवशी बाजूला व्हायचं, हे मालकाला कळणं फार अवघड. मला अजून कळलेलं नाही, माझा मुलगा तर आत्ता पहिलीत आहे.

एक शंका तुमच्या मनात येईल. सर, हे समाजकार्य झालं, आम्हाला धंदा करायचाय. मान्य. बारसे सरांना नफा कमवायचा नव्हता आणि तुम्हाला कमवायचाय, त्यात लाज वाटायचं काही कारण नाही. घरभाडं समाजकार्यातून निघत नाही. पण फुकट काम करणाऱ्याकडे एक गोष्ट असते जी आपल्याकडे नसते. लोक पैशासाठी येतायत की खेळासाठी, हे त्याला पहिल्या दिवशी कळतं. आपण ऑफर लावतो, उद्घाटनाला सूट देतो, पहिल्या महिन्यात गर्दी होते, आणि खरी मागणी किती ते आपल्याला सहाव्या महिन्यात कळतं. तोपर्यंत फर्निचरचे हप्ते सुरू झालेले असतात.

तर त्या पोराचं पुढं काय झालं.

मी त्याला टर्फ टाकू नकोस असं म्हटलं नाही. एवढंच म्हणालो की 14 लाख सहा महिने बँकेत राहू दे, तू दोन बॉल घे. एक माझ्याकडून उधारीवर. (उधारी वसूल झालेली नाही. लिहून ठेवलीय.) त्यानं त्याच्या भागातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून रविवारी सकाळी सहा ते नऊ मैदान मिळवलं. अट एकच, जाताना झाडून जायचं. पोरामागं 20 रुपये घेतो. पहिल्या रविवारी 11 आली. दुसऱ्या रविवारी 9, कारण कुणाच्या तरी घरी लग्न होतं. तिसऱ्या रविवारी 26, आणि त्यात दोन मुली, ज्या क्रिकेट नको, फुटबॉल पाहिजे म्हणाल्या. त्याच्या सगळ्या हिशेबात फुटबॉल कुठंच नव्हता.

चौथ्या रविवारी मी मुद्दाम बघायला गेलो. साडेसहा वाजले होते. तो एका टोकाला फक्कीनं रेघ मारत होता, वाकडी. गेटजवळ एक गृहस्थ स्कूटरवर बसून बघत होते, पाय जमिनीला टेकवून, हेल्मेट मांडीवर. मी ओळखलं नाही. थोड्या वेळानं ते उतरले, आत गेले, पोराच्या हातातला फक्कीचा डबा घेतला आणि रेघ सरळ मारायला लागले.